गोव्याच्या उतारावर शून्य-कार्बन घर: जमीन बघण्यापासून कौलं चढेपर्यंत

शून्य-कार्बन घर म्हटलं की छपरावरची सोलर पॅनेल्स डोळ्यांपुढे येतात. ती हवीतच. पण घराचा हिशेब जमतो किंवा बिघडतो तो त्याआधी कितीतरी महिने, जेसीबी उतारावर चढतो आणि सिमेंटच्या गोण्या उतरतात तेव्हा. गोव्यात तर हे फार ठळक दिसतं: डोंगर कापून सपाट केलेला प्लॉट, मागे दोन पुरुष उंच काँक्रीटची भिंत, मधे काचांचा पांढरा ठोकळा आणि वर पॅनेल्स. असं घर वीजबिल शून्यावर आणेल, कार्बन आणणार नाही. गावात ते मिसळतही नाही. या दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. जमिनीला जितका कमी धक्का लावाल, तितकं घर त्या जागेचं वाटतं आणि तितकाच कार्बनही वाचतो. या लेखातला प्रत्येक सल्ला त्या एका गोष्टीवर उभा आहे.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण अशा भागांत चार-पाच माणसांसाठी १०० ते १५० चौरस मीटरचं घर बांधू पाहणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

आधी आकडे मांडा

घराचा कार्बन दोन खात्यांत मोजावा लागतो. पहिलं खातं बांधकामाचं: सिमेंट, लोखंड, काच, फरशी, वाहतूक यांतून गृहप्रवेशाआधीच हवेत गेलेला कार्बन. दुसरं वापराचं: दिवे, पंखे, एसी, गिझर, गॅस यांतून पुढची पन्नास वर्षं जाणारा. दुसऱ्या खात्यात कधीही सुधारणा करता येते. पहिल्यात जे लिहिलं गेलं ते खोडता येत नाही.

१२० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण १,३०० चौरस फुटांचं नेहमीचं आरसीसी घर घ्या. कंत्राटदारांचा ठोकताळा चौरस फुटाला सिमेंटची ०.४ गोणी आणि ४ किलो सळी असा असतो. म्हणजे ५२० गोण्या, २६ टन सिमेंट. राखमिश्रित पीपीसी वापरलं तरी किलोमागे साधारण ०.६५ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. झाले १७ टन. सळी ५.२ टन, तिच्या टनामागे अडीच टनांच्या आसपास, झाले १३. नुसत्या या दोन वस्तूंचे ३० टन. फरशी, काच, वायरिंग आणि खुद्द पॅनेल्स धरली की ३४-३५ पर्यंत गेलात म्हणून समजा.

आता जमेची बाजू. आपल्याकडे १ किलोवॉटची पॅनेल्स वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देतात. ३ किलोवॉटचे ४,२०० युनिट झाले. घराने २,५०० वापरले तर १,७०० ग्रिडला गेले. ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बनची. तेव्हा वर्षाला १.२ टन वाचले. ३४ टनांचं देणं फिटायला २८ वर्षं लागतील, आणि पॅनेलचं आयुष्य २५ वर्षं धरतात. तेच घर १२ टनांत उभं राहिलं तर दहा वर्षांत हिशेब शून्यावर येतो. पुढे ग्रिड जसजशी स्वच्छ होईल, तसतसा आपल्या जादा युनिटमागे वाचणारा कार्बनही कमी होत जाईल. म्हणून देणं मुळातच लहान असायला हवं.

हे गणित वहीच्या एका पानात मावतं. आर्किटेक्टबरोबरच्या पहिल्या बैठकीत ते टेबलावर ठेवा आणि ‘बांधकामाचे १२ टन’ ही मर्यादा खर्चाच्या मर्यादेइतकीच पक्की आहे असं सांगा. ३४ वरून १२ वर कसं यायचं, ते पुढे येतंच.

जमीन आणि कागद

सर्वांत मोठा निर्णय जमीन निवडतानाच होतो. आधीच सेटलमेंट झोनमध्ये (वस्तीसाठी राखलेल्या भागात) असलेली, रस्ता, पाणी आणि शेजार जवळ असलेली जागा घ्या. मोडकळीला आलेलं जुनं घर विकत मिळत असेल तर उत्तमच. त्याचं जोतं, चिरे (जांभा दगड), वासे, कौलं हे सगळं आधीच खर्च झालेल्या कार्बनचं भांडवल आहे. भाताचं खेर (शेत), खाजन (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन), कुळागर (पोफळी-मसाल्यांची बाग) यांना हात लावू नका. खाजनातले बांध आणि मानशी (पाण्याची दारं) शतकानुशतकं गावाने राखल्या, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. तिथे भराव टाकून उभं केलेलं घर कितीही सौर असलं तरी शून्याच्या जवळ येत नाही.

सड्याबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाबद्दल, मुद्दाम सांगतो. उन्हाळ्यात सडा ओसाड दिसतो, म्हणून तो ‘पडीक’ समजून खरेदी होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जा. चिऱ्याच्या खोलगटांत साचलेल्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं फुललेली असतात, कडेने तेरडा असतो, आणि पडणारं पाणी झिरपत खालच्या वाड्यांच्या झऱ्यांना जाऊन मिळत असतं. शिवाय वरचं चिऱ्याचं कवच कठीण असलं तरी त्याखाली बहुधा मऊ, चिकण पांढरट मातीचा थर असतो. कवचाची कडा कापली की तो थर उघडा पडतो आणि पावसात घसरतो.

कागदपत्रांत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद), सर्व्हे प्लॅन आणि झोनिंगचा दाखला आधी पाहा. बिगरशेती वापरासाठी जमीन महसूल संहिता १९६८ खालची सनद लागते, पुढे नगर नियोजन खात्याची मान्यता आणि पंचायतीचा बांधकाम परवाना. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये २५ टक्क्यांहून जास्त उतार विकासाबाहेर ठेवला आहे. नगर व ग्राम नियोजन कायद्याचं कलम १७-ए परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला मनाई करतं. कुळांच्या शेतजमिनीसाठी १९९१ चा स्वतंत्र कायदा आहे. झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. भरतीचं पाणी पोचणारी नदी किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियमही तपासा. ‘ते आम्ही बघून घेतो’ असं दलाल म्हणाला तर तिथेच थांबा.

एक पावसाळा जागा बघा

जमीन ताब्यात आली की लगेच नकाशा काढायची घाई होते. शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी सत्तरीत त्याहूनही जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठल्या दगडाला वळसा घालून व्हाळाला (ओढ्याला) मिळतं, हे कुठल्याही सर्व्हेच्या कागदावर नसतं. जोराच्या सरीत छत्री घेऊन जागेवर उभं राहा आणि ओघळ दिसेल तिथे बांबूची खुंटी ठोका. ऑक्टोबरात गवत वाळल्यावर त्या खुंट्यांची रांगच सांगते की घर कुठे बसवायचं नाही.

मग अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा सर्व्हे करून घ्या. त्यावर प्रत्येक मोठं झाड, त्याचा घेर, विहीर, जुनी गडग्याची भिंत, पायवाट, चिऱ्याचा उघडा कातळ, सगळं नोंदवा. फणस, माट्टी, किंदळ, आंबा ही झाडं घराच्या आधीपासून तिथे आहेत. नकाशा त्यांच्याभोवती फिरला पाहिजे. झाडाच्या विस्ताराखाली पाया खणू नका, मुळं तुटली की दोन-तीन वर्षांनी झाड वाळतं आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

ऊन आणि वारा यांचंही असंच. गोवा साधारण १५ ते १६ अक्षांशांमध्ये आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे ऐन मे महिन्यात उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं. उन्हाळ्यातल्या दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो, थंडीतल्या सकाळी डोंगराकडून पूर्वेचा. पावसाची झड मात्र नैऋत्येची. या तीन दिशा मनात पक्क्या असल्या की अर्धा नकाशा आपोआप बसतो.

मांडणी: एका खोलीएवढं रुंद

आपल्या दमट हवेत गारवा भिंतीच्या जाडीतून कमी आणि वाहत्या वाऱ्यातून जास्त मिळतो. म्हणून घर एका खोलीएवढंच रुंद ठेवा, साधारण साडेपाच मीटर, म्हणजे प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या दोन भिंतींत खिडक्या मिळतात. लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला आणि पश्चिमेला सर्वांत कमी भिंत. आतून आत हवा फिरण्यासाठी दारांवर झरोके, आणि आढ्याजवळ गरम हवा बाहेर पडायला जाळी. निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेली ‘इको निवास संहिता’ उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावं असं सांगते. सरकत्या काचेच्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो हे मोजताना विसरू नका; दोन्ही पल्ले पूर्ण उघडणारी जुन्या पद्धतीची लाकडी खिडकी इथे केव्हाही सरस.

साडेपाच मीटर रुंद आणि १२० चौरस मीटरचं घर म्हणजे २२ मीटर लांबी झाली. एवढा सलग तुकडा उतारावर ठेवायचा तर कापाकापी आलीच. म्हणून त्याचे दोन तुकडे करा, ११-११ मीटरचे, समोच्च रेषेला धरून आणि एकमेकांपेक्षा तीन-चार पायऱ्या वर-खाली. मधे छोटं राजांगण (घराच्या आतलं अंगण), त्याला जोडणारी पडवी. एका तुकड्यात स्वयंपाकघर, बसायची जागा, देवघर. दुसऱ्यात झोपायच्या खोल्या. खणलेली माती त्याच प्लॉटवर त्याच टप्प्यांत जिरते, ट्रकने बाहेर जात नाही. उंच काँक्रीटची भिंत लागत नाही, कंबरभर उंचीचे कोरड्या चिऱ्याचे बांध पुरतात. जुन्या कुळागरांनी उतार असेच टप्प्यांनी बांधले. सावईवेरे किंवा केरीच्या एखाद्या जुन्या कुळागरातून चालत गेलात तर हे तंत्र पायाखालीच सापडेल.

घराचं आढं शेजारच्या झाडांच्या वर जाऊ देऊ नका. पणजीची कला अकादमी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी मांडवीच्या काठाने आडवी पसरवली. एवढी मोठी इमारत, पण ती नदी आणि माड यांच्यामध्ये उभी ठाकत नाही. घरासाठी शिकायचं असेल तर तोर्डा इथल्या ‘हाउझेस ऑफ गोवा’ संग्रहालयात एक दुपार घालवा. बल्काव (दारापुढची बसायची जागा), राजांगण, ओसरी, खिडक्यांचे प्रकार हे सगळं नकलेसाठी नाही, ते का तसे होते हे समजण्यासाठी बघायचं. समकालीन घराला सोपाचे खांब चिकटवायची गरज नसते. सावली, वारा आणि पाऊस यांची जुनी उत्तरं नव्या, साध्या रेषांतही देता येतात.

चिरा, चुना आणि नेमकं तेवढंच लोखंड

चिरा भाजावा लागत नाही, नुसता कापावा लागतो. त्याचा कार्बन म्हणजे कापायच्या यंत्राचं आणि ट्रकचं डिझेल. एवढ्या घराला सुमारे चार हजार चिरे लागतील, एक चिरा तीस किलोच्या आसपास, म्हणजे १२० टन, दहा टनी ट्रकच्या बारा खेपा. खाण वीस किलोमीटरवर असेल तर खेपेला जाऊन-येऊन दहा लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो धरले तर सगळ्या चिऱ्यांच्या वाहतुकीचा कार्बन ३००-४०० किलोंतच संपतो. याउलट राजस्थानातून फरशीचा एकच ट्रक मागवलात तर त्या एका खेपेत टनाहून जास्त जातो.

चिरा घ्यायला स्वतः खाणीवर जा. मालक दाखवेल तो ढीग सोडून ताज्या कापलेल्या बाजूला जा. एक चिरा उभा करून हातोडीने ठोका: घट्ट चिऱ्याचा आवाज खणखणीत येतो, मऊ चिरा नुसता ‘थप’ म्हणतो. रंग गडद तांबूस, भोकं लहान आणि सारखी हवीत. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डाग असतील तर पहिल्या पावसाळ्यातच तिथून माती सुटते आणि भिंतीला खड्डे पडतात. नखाने माती निघते का बघा. चिरा हवेत राहून आणखी कठीण होतो, म्हणून कापल्याबरोबर न वापरता काही आठवडे जागेवर रचून ठेवा. आणि खाण परवान्याची आहे का, रॉयल्टीची पावती मिळते का, हे विचारायला संकोचू नका. चोरट्या खाणींचे उघडे खड्डे पावसात भरतात, आणि त्यांत माणसं-गुरं बुडतात.

भिंती भारवाही, म्हणजे छपराचा भार स्वतःच पेलणाऱ्या, ठेवल्या की खांब-तुळयांचा सांगाडा गळतो, आणि ३० टनांतला मोठा भाग तिथेच उतरतो. मात्र लोखंड पूर्ण काढू नका. आयएस १८९३:२०१६ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या नकाशावर गोवा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. जोत्याच्या आणि लिंटेलच्या (दारं-खिडक्यांच्या वरच्या) पातळीला आरसीसीचा सलग पट्टा हवाच, छप्पर टेकतं तिथे आणि त्रिकोणी भिंतींवरही पट्टा हवा, आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. माझ्या अंदाजाने एवढ्या घराचं काम दीडशे गोण्या सिमेंट आणि टनभर सळीत बसवता येतं, म्हणजे साडेसात टनांच्या आसपास कार्बन. स्लॅगचं सिमेंट मिळालं तर त्याहून कमी. माळ्यासाठी स्लॅब लागलीच तर फिलर स्लॅब करा: खालच्या भागातल्या निरुपयोगी काँक्रीटच्या जागी जुनी मंगळुरी कौलं. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात हे तंत्र रुजवलं, आपल्या गवंड्यांनाही ते जमतं.

बाकी जोडकामाला आणि गिलाव्याला चुना. चुना भाजताना कार्बन सुटतो खरा, पण भिंतीवर सुकताना त्यातला बराचसा तो हवेतून परत शोषतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुना श्वास घेतो. चिऱ्याने पावसात प्यायलेलं पाणी चुन्यातून सुकून जातं. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिकसारखा रंग लावला की तेच पाणी आत अडकतं आणि कपाटामागे बुरशी चढते. चुन्याचं काम नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान उरका, त्याला सावकाश सुकायला कोरडी हवा लागते. नैऋत्येची भिंत बाहेरून चुन्याने गिलावून घ्या, बाकीच्या भिंतींचा चिरा उघडा ठेवून फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरा. दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळाची छटा येते आणि घर गडग्याच्या रंगाचं होतं. जोतं जमिनीपासून किमान दोन फूट उंच असू दे.

लाकूड नवीन सागाचं मागवू नका. मोडलेल्या घरांतले माट्टी, किंदळ, फणसाचे वासे आणि दारं जुना माल विकणाऱ्यांकडे मिळतात. सुताराला बरोबर नेऊन वाळवी आणि भेगा पाहून घ्या. पडवीच्या छपराला आणि पडद्यांना माणगा बांबू चांगला, बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडमध्ये मुरवलेला. जमिनीला लाल ऑक्साइडचा कोबा.

छप्पर

मंगळुरी कौल ही बासेल मिशनची १८६५ पासूनची देणगी, आणि आपल्या पावसाला त्याहून चांगलं उत्तर अजून मिळालेलं नाही. जुनी कौलं धुऊन पुन्हा वापरा. उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा. वासे आणि रिपा यांच्यामध्ये छताच्या सपाट कौलांचा दुसरा थर दिला की मधल्या हवेच्या पोकळीमुळे खालची उष्णता स्पष्ट कमी होते. नुसत्या एकेरी कौलांखाली मे महिन्यातली दुपार काढणं कठीण जातं.

वळचण चार फूट, म्हणजे १.२ मीटर बाहेर काढा. डिसेंबरात भर दुपारी सूर्य सुमारे ५१ अंशांवर असतो. एवढी वळचण दक्षिणेच्या भिंतीचा वरचा दीड मीटर भाग तेव्हाही सावलीत ठेवते, आणि पावसात भिंत कोरडी राहते. पश्चिमेला नुसती वळचण पुरत नाही, कलतं ऊन खालून घुसतं. तिथे पडवी करा आणि न्हाणीघर, कोठीची खोली, जिना असल्या जागा ठेवा. पावसाळ्यासाठी पडवीला विणलेली झापं किंवा बांबूच्या चटया अडकवायला आधीच हुक बसवून घ्या.

माकडांचा विचार आधीच करा. सत्तरी-सांग्यात कौलांवर उड्या पडणारच. कडेच्या आणि आढ्याच्या ओळींतली कौलं तारेने रिपांना बांधून घ्या, झाडाच्या फांद्या छपरापासून दूर ठेवा, आणि शंभरेक कौलं जादा ठेवा. माडही छपरावर नारळ आणि झावळ्या टाकतो, त्याच्यापासून अंतर राखा.

पाणी

१०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३ लाख लिटर पाऊस पडतो, त्यातला ८० टक्के हाती लागला तरी २.४ लाख लिटर. चार माणसांना दिवसाला माणशी १३५ लिटर धरले तर ऑक्टोबर ते मे या कोरड्या काळासाठी १.३ लाख लिटर लागतील. हे सगळं टाकीत साठवायचं म्हटलं तर प्रचंड काँक्रीटची टाकी आली, म्हणजे एका हाताने वाचवलेला कार्बन दुसऱ्या हाताने घालवला. म्हणून पाणी विहिरीत मुरवा. पहिल्या काही सरींचं पाणी सोडून द्या, मग पन्हळीचं पाणी दगड, कोळसा, रेतीच्या गाळणीतून विहिरीच्या जवळच्या शोषखड्ड्यात. बाकीच्या वळचणीला पन्हळ नको. पागोळ्या जिथे पडतात तिथे चिऱ्याची उथळ नाली करून पाणी खालच्या बांधावर वळवा. पाच-दहा हजार लिटरची टाकी वरच्या वापराला पुरते.

सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून निदान वीस मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. चिरा सच्छिद्र असतो, घाण लांबवर जाते. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी कर्दळ, केळी, अळू यांच्या वाफ्यातून जिरवा.

वीज आणि स्वयंपाक

मांडणी नीट जमली तर विजेचं काम हलकं होतं. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, जुना ७५. पाच पंखे बारा तास चालले तर दिवसाला पावणेतीन युनिटांचा फरक. म्हाताऱ्या माणसांसाठी किंवा मेच्या रात्रींसाठी एसी हवाच असेल तर एकच खोली नीट बंद होईल अशी करा, छताला जाड थर द्या आणि पाच तारांकित एसी तिथेच लावा. शेगडी इंडक्शनची. गॅसचा १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे ४२ किलो कार्बन सोडतो. गुरं असतील तर गोबर गॅस उत्तम, नुसत्या स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर मात्र रोजचा स्वयंपाक भागत नाही. आंघोळीच्या पाण्याला सौर बंब.

पॅनेल्स दक्षिणेच्या उतारावर, पण कौलांवर बसवताना आधार थेट वाशांना जोडा, कौलांना नव्हे. मला स्वतःला ती मुख्य छपरावर नकोच वाटतात: गाडीच्या किंवा सरपणाच्या खोपीवर पत्र्याचं दक्षिणेकडे कललेलं छप्पर करा आणि ३ किलोवॉट तिथे ठेवा. धुवायला सोपं जातं, गळतीची भीती नाही, आणि वाटेवरून घर बघताना फक्त कौलं दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. वीज खात्याकडे नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्यासाठीचा) अर्ज छप्पर होत असतानाच टाका. जून-जुलैत उत्पादन बरंच घसरतं, म्हणून हिशेब महिन्याचा न बघता वर्षाचा बघा.

झाडं आणि अंधार

हिरवळ आणि शोभेची विदेशी झुडपं नकोत. ऑस्ट्रेलियन अकेशिया तर मुळीच नको, त्याच्याखाली दुसरं फारसं काही वाढत नाही. घराजवळ कुळागराचीच उतरंड लावा: वर पोफळी, तिच्यावर चढलेली मिरवेल, मधे भिरंड (कोकम), जायफळ, केळी, खाली हळद, आलं, अननस. पश्चिमेला फणस किंवा भिरंड, त्यांची दाट पानं दुपारचं ऊन अडवतात. दिवे कमी, पिवळसर, खाली तोंड केलेले. मृगाच्या सुमारास काजवे येतात, बाहेरचा झगझगाट त्यांचा वावर मोडतो.

कामाचं वेळापत्रक

परवाने पावसाळ्यात पूर्ण करा, चतुर्थी झाली की आखणी. दसऱ्यानंतर पाया, नोव्हेंबरात जोतं आणि पट्टा, डिसेंबर ते फेब्रुवारी भिंती, मार्चमध्ये वासे. मृगाच्या आधी कौलं चढलीच पाहिजेत, कारण उघड्या भिंतींवर एक पावसाळा गेला तर चुन्याचं काम वाया जातं. शक्य तिथे जेसीबीऐवजी माणसांकडून खणून घ्या आणि वरची सुपीक माती वेगळी झाकून ठेवा, तीच शेवटी बागेत परत येते. प्रत्येक ट्रकची पावती जपा: सिमेंटच्या गोण्या, सळीचं वजन, खेपा. पहिल्या पानावरच्या अंदाजाशी ती जुळवून पाहा. भिंती लिंटेलपर्यंत आल्या आणि गोण्या शंभराच्या पुढे गेल्या असतील तर तिथेच थांबून इंजिनिअरशी बोला.

घर झाल्यावर दरवर्षी मेच्या मध्यावर एक दिवस राखून ठेवा: फुटकी कौलं बदलणं, पन्हळ आणि गाळणी साफ करणं, नैऋत्येच्या भिंतीचा सुटलेला गिलावा आणि बाकीच्या भिंतींच्या सुटलेल्या दर्जा चुन्याने भरणं, लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावणं, बांधांतले ढळलेले चिरे परत बसवणं. त्याच दिवशी मीटरवरचे आलेले आणि गेलेले युनिट वहीत टिपून ठेवा.